माधवनगरचं राहिलेलं जेवण

बुधवार, फेब्रुवारीचा मधला आठवडा, संध्याकाळी सातच्या सुमारास. स्थळ : सांगलीहून माधवनगरला जाताना लागणाऱ्या एका वसाहतीतलं पिझ्झ्याचं दुकान. हजर : मी, शिरवळच्या एका कंपनीच्या दर्जा विभागात काम करणारी, वय पन्नाशीच्या पुढे, माझी तरुण सहकारी, नोकरीचं दुसरं वर्ष, आमच्या गाडीचे चालक, फौजेतून निवृत्त झालेले, आणि ज्यांच्या कारखान्याची तपासणी करायला आम्ही आलो होतो ते मालक. गैरहजर : मालकांच्या पत्नी. त्या दोन गल्ल्या पलीकडे स्वतःच्या घरी होत्या आणि खरं तर आम्ही सगळे त्या वेळी त्यांच्याकडे जेवायला बसायला हवं होतं.

पिझ्झा मोठा मागवला होता. तो टेबलावर आला तेव्हा कडा कडक होत्या आणि मध्यभाग ओला. वर टोमॅटोचं गोड सॉस, मक्याचे दाणे, कच्ची राहिलेली ढोबळी मिरची. चीज वितळलं होतं, पण परत घट्ट होऊन एका अखंड पापुद्र्यासारखं बसलं होतं; तुकडा उचलला की सगळ्या पिझ्झ्यावरचं चीज त्याच्याबरोबर निघून यायचं. चालकांनी पहिला तुकडा हातात धरला, उलटा करून खालून पाहिला आणि म्हणाले, "ह्याला खालनं भाजलंच न्हाई की."

मी माझा तुकडा प्लेटमध्ये घेतला. दिवसभर बोलून झालं होतं, आणि शेवटचं जे बोलणं झालं होतं ते अजून डोक्यातून गेलं नव्हतं.

आमची कंपनी जखमेवर बांधायच्या पट्ट्या आणि प्रथमोपचाराच्या पेट्या तयार करते. त्यासाठी लागणारं जाळीचं कापड लहान लहान यंत्रमागवाले विणून देतात. नवा पुरवठादार घेण्याआधी तिथं जाऊन सगळं बघावं लागतं. मागांखाली तेल सांडलंय का, तागे जमिनीला टेकलेत की फळीवर ठेवलेत, दिव्यांना झाकणं आहेत का, हात धुवायला साबण आहे की साबणाची नुसती डबी. मी हे वर्षानुवर्षं करते आहे आणि मला ते आवडतं. कारखान्यात शिरलं की पाच मिनिटांत तिथल्या माणसांचा अंदाज येतो.

माधवनगरच्या या कारखान्याचा अंदाज चांगला आला. मालकांचे वडील इथल्याच गिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडल्यावर मुलानं जुने माग घेतले, दुरुस्त केले, शेडमध्ये लावले. कापायचं आणि घड्या घालायचं काम मालकांच्या पत्नी बघतात. त्यांच्या खोलीत बायकांच्या डोक्याला टोप्या होत्या, आणि त्या माझ्यासाठी म्हणून आज घातलेल्या नव्हत्या. टोप्यांच्या कापडाला रोजच्या वापराचा मळकटपणा आलेला होता. खिडक्यांना बारीक जाळी होती. मी काही विचारलं की वहिनी, म्हणजे मालकांच्या पत्नी, नवऱ्याकडे न बघता स्वतः उत्तर द्यायच्या. काम संपल्यावर मी दोघांना तिथंच सांगून टाकलं, की काम चोख आहे, कंपनीचं पत्र येईल. त्यामुळे पुढे जे झालं ते ऑर्डरपायी झालं नाही, हे आधीच सांगते.

घर कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. चारपासून जिन्यातून मटणाच्या रश्श्याचा वास खाली येत होता. माझ्या सहकारीला तो आला की नाही ठाऊक नाही, मला येत होता आणि मी कापडाचे तंतू मोजायचं भिंग डोळ्याला लावून उभी होते.

"आता वर चला," वहिनी म्हणाल्या. "भाकऱ्या तेवढ्या गरम टाकते. बाकी समदं तयार हाय."

आम्ही वर गेलो. बसायच्या खोलीत समोरच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी निळ्या चौकटीतली दुसरी, दोन्हींना ताजे हार. तशाच तसबिरी आमच्याही घरात आहेत. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा माझे वडील शाळेत शिकत होते. माझं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून कुणाला काही कळत नाही. ऑफिसात मी कधी काही लपवलं नाही. पण सांगायची वेळही कधी आली नाही, आणि मी ती ओढूनही आणली नाही.

वहिनींनी पाण्याचे ग्लास ट्रेमध्ये आणले. मी एक घेतला, पुन्हा मागितला. सहकारी हसून म्हणाली, "माझी बाटली आहे, ताई." ती कुठेही गेली तरी स्वतःच्या बाटलीतलंच पाणी पिते, बहिणीच्या लग्नातही तिच्या हातात तीच स्टीलची बाटली होती. चहाही ती घेत नाही. तिचा ग्लास ट्रेमध्ये भरलेला राहिला. मग वहिनींनी ताटं मांडायला घेतली तेव्हा तीच चटकन म्हणाली, "अहो सॉरी हं ताई, जेवण आमच्या पॉलिसीत नाही बसत. चहा-पाणी तेवढं चालतं."

तिचं काही चुकलं नव्हतं. नियम तसाच आहे, आणि तो मी केलेला आहे. पूर्वी एका तपासणीनंतर मोठी जेवणावळ झाली होती आणि त्यानंतर जे कापड पास झालं ते पास व्हायला नको होतं. त्यानंतर मी नियम लिहिला : पुरवठादाराकडे पथकातील कुणीही जेवणार नाही, भेट घेणार नाही, मुक्काम करणार नाही. तेव्हापासून मी शेकडो घरी नाही म्हटलं आहे. लोक थोडा आग्रह करतात, थोडं रुसतात, आणि बाहेर येऊन टाटा करतात.

वहिनी रुसल्या नाहीत. त्यांनी सहकारीच्या बाटलीकडे पाहिलं. मग त्या भरलेल्या ग्लासाकडे. मग म्हणाल्या, "मटण खात नसाल तर डाळभात लावते की. नवा कुकर हाय, डब्यातनं काडलेला न्हाई अजून. त्यात आमचं कायबी शिजलेलं न्हाई."

तेव्हा मला कळलं की त्यांनी आमच्या नकाराचा काय अर्थ लावला आहे.

माझी आई घरात नेहमी बिस्किटाचा एक बंद पुडा ठेवायची. समाजाबाहेरचं कुणी आलं, मास्तर, तलाठी, वडिलांच्या ऑफिसातलं कुणी, की ती चहा-पोहे विचारायचीच नाही. पाहुण्यांच्या समोर पुडा फोडायची आणि बशीत बिस्किटं ओतायची. कंपनीत भरलेलं, सीलबंद. नाही म्हणायला कुणाला जागाच नको. लहानपणी मला वाटायचं, पाहुण्यांना बिस्किटं आवडतात म्हणून. वहिनींनी मात्र सकाळीच मटण आणायला लावलं होतं. स्वतःच्या हातचं, स्वतःच्या भांड्यातलं, ताटात वाढून समोर ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी बिस्किटाचा पुडा आणला नव्हता.

"नियम आहे, वहिनी," मी म्हटलं. "सगळ्यांकडेच आम्ही असंच करतो."

"व्हय," त्या म्हणाल्या. "नियम असतूयाच."

आणि ताटं परत रचून आत घेऊन गेल्या.

मी तिथल्या तिथं त्यांच्या मागे स्वयंपाकघरात जायला हवं होतं का, याचा मी नंतर बराच विचार केला. पण जाऊन सांगणार काय? मी तुमच्यातलीच आहे, आणि तरीही जेवणार नाही?

खाली आल्यावर मालकांनी विचारलं, "मग रात्री खाणार कुठं?" लॉजवर बघू, असं मी म्हटलं. "लॉजवर काय न्हाई मिळत धड. हितं जवळ एक पिझ्झ्याचं हाय. स्वच्छ हाय. शुद्ध शाकाहारी." हे शेवटचे दोन शब्द त्यांनी माझ्याकडे न बघता उच्चारले. मग स्कूटर काढली आणि आम्हाला वाट दाखवायला पुढे निघाले. नको म्हणायची ताकद माझ्यात उरली नव्हती. दिवसभरात एकदा नाही म्हणून झालं होतं.

दुकान एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये होतं. आत चार टेबलं, लाल खुर्च्या, भिंतीवर तिरक्या मनोऱ्याचं चित्र आणि त्याच्या शेजारी 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत'. ओव्हनवरच्या दिव्याला झाकण नव्हतं. माझे डोळे आपोआप तिकडे जातात, त्याला इलाज नाही. पिझ्झावाला तरुण माणूस, गळ्यात एप्रन, उत्साही. त्यानं विचारलं, "जैन करू का? कांदा-लसूण चालतंय ना?"

मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "त्यास्नी नीट इचारून घे बाबा. त्यांचं पथ्य असतंय."

"मला सगळं चालतं," मी म्हटलं, जरा जोरातच. "कांदा, लसूण, मटण, मासे, सगळं."

"मटण न्हाई आपल्याकडं, मॅडम," पिझ्झावाला म्हणाला. "शुद्ध शाकाहारी."

चालक हसले. मालक हसले नाहीत. ते आमच्या टेबलावर बसले, पण खुर्ची थोडी मागे सरकवून. जेवणाऱ्या माणसांना सोबत म्हणून बसावं तसं. त्यांच्यासाठी मी प्लेट मागवली. त्यांनी ती हातानं बाजूला केली. "न्हाई न्हाई. मी घरी जेवणार. घरी वाट बघत्याती."

आमच्या नियमानं पुरवठादाराला आम्ही खाऊ घालायला बंदी नाही. तो मुद्दा मी लिहितानाच तपासला होता. मी एक तुकडा त्यांच्या प्लेटमध्ये ठेवला. तो तिथंच राहिला आणि हळूहळू त्याच्यावरचं चीज पांढरट होत गेलं. वरच्या मजल्यावरच्या त्या ट्रेमधल्या ग्लासासारखाच तो मला दिसत होता, आणि मालकही त्याच्याकडे बघत होते.

"आज बुधवार," चालक म्हणाले. "बुधवारी मी असल्या वल्ल्या भाकरीवर सॉस लावून खातोय, हे घरी कळलं तर मंडळी मला रेशनमधनं काडून टाकत्याल."

"पनीरचा घ्या ना मग, काका," सहकारी म्हणाली.

"पनीर? आगं पोरी, पनीर काय बुधवारी खायची गोष्ट हाय व्हय?" मग मालकांकडे वळून, "काय मालक, तुमच्याकडनं वास येत हुता सांच्याला. गाडीपातूर येत हुता. मी दोनदा काच खाली घेतली."

"सकाळीच आणलं हुतं," मालक म्हणाले. "तिनंच मसाला वाटला. मिक्सरवर न्हाई, पाट्यावर."

"आता सांगू नका हो. हितं घास उतरंना झालाय."

मालक पहिल्यांदा थोडे हसले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे पलीकडचा आवाज नाही तरी अलीकडचं सगळं ऐकू आलं. "व्हय. बसल्यात... पिझ्झा... न्हाई, मी कुठलं खातोय... न्हाई गं, काय म्हणणार त्या... झाकून ठिव. हां. यतो."

फोन खिशात गेला. सहकारी बोटानं मक्याचे दाणे वेगळे करत होती.

चालकांनी हातातला तुकडा प्लेटमध्ये खाली ठेवला. "मॅडम, एक इचारू? रागावू नका. तो तुमचा नियम मला पण हाय का?"

"पथकातल्या सगळ्यांना आहे, दादा."

"आन् मी पथकात हाय?"

"आहातच की."

"मग आज सकाळी दहापास्नं पथक आत आन् मी गाडीत, असं कसं? तपासणीला मी पथकात न्हाई, चहाला बी न्हाई, आन् जेवायचं म्हटल्यावर बराबर पथकात?"

सहकारीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. दहाबारा वर्षांत हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. पथकातील कुणीही, असं मी लिहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर भिंग आणि फाइल घेतलेली माणसं होती.

"तुम्ही जा, दादा," मी म्हटलं. "जेवून या."

"मॅडम, पण नंतर कुणी विचारलं तर?" सहकारीनं हळूच विचारलं.

"तर मी सांगीन. कापड पास-नापास करणारी माणसं म्हणजे पथक. दादा गाडी चालवतात."

चालक उठलेच. "फौजेत लंगरमधी कोण कुणाच्या हातचं खातंय हे कोण बघतंय? कढई रिकामी व्हायच्या आत आपला नंबर लागला पायजे, एवढंच." हे त्यांनी सहज म्हटलं की समजून म्हटलं, मला अजून कळलेलं नाही. मालकांचा चेहरा मात्र एकदम मोकळा झाला. "चला मेजर," ते म्हणाले, आणि खुर्ची मागे सरली.

मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेले. चालक थोडं पुढे जाऊन स्कूटरजवळ उभे राहिले. आता नाही तर हे राहूनच जाईल, असं वाटून मी हाक मारली.

"भाऊ. जय भीम."

"जय भीम," असं त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मग ते थांबले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी आपल्यातल्या?"

"हो. साताऱ्याकडच्या. वहिनींना सांगा, आम्ही जेवलो नाही ते फक्त नियमामुळे. दुसरं काही मनात आणू नका म्हणावं."

मला वाटलं होतं, झालं, एवढ्यानं मिटेल. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल आणि माझ्याही. ते स्कूटरची किल्ली बोटावर फिरवत उभे राहिले.

"मग तर तुमी यायलाच पायजे हुतं, ताई," ते म्हणाले.

दिवसभर मी मॅडम होते. ताई झाले ती अशी.

"ऑर्डरचं न्हाई ओ मी म्हणत. ती दिली न दिली तुमच्या हातात. पण परकं माणूस न्हाई म्हणालं, तर तिला ठावं हाय काय करायचं. भांडी घासायची, झोपायचं, दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं. ल्हानपणापास्नं ते करत आलोय आमी. आपल्यातल्याच माणसानं न्हाई म्हटल्यावर तिनं काय करायचं?"

"नियम मीच केलाय, भाऊ."

"मग मोडायचा बी तुमीच."

"मोडला, आणि उद्या तुमच्या एखाद्या ताग्यात खोट निघाली, तर काय म्हणतील? आपल्यातला म्हणून पास केला. जेवून पास केला. तुमचं आणि माझं, दोघांचं काम जाईल."

त्यांनी यावर विचार केला. वाद घालायचा म्हणून घालणारा तो माणूस नव्हता. "म्हणतील," ते म्हणाले. "तसंच म्हणतील. व्हय." मग किल्ली मुठीत धरून, "पण हे तिला कसं सांगू मी? तिनं मसाला पाट्यावर वाटलाय."

"आवं चला की," चालक तिकडून ओरडले. "रस्सा निवतोय तिकडं."

ते गेले. मी आत येऊन बसले. सहकारी म्हणाली, पिझ्झा बांधून घेऊया का, वाया जाईल. मी म्हटलं, घे. पिझ्झावाल्यानं खोक्यात भरून दिला आणि आपुलकीनं विचारलं, "कसा वाटला, मॅडम?" मी त्याला सांगितलं, ओव्हन आणखी तापवून घ्यायला हवा आणि वरच्या दिव्याला झाकण बसवून घ्या. त्यानं मान डोलावली. थकलेली असले की मी अशीच उत्तरं देते. विचारलेल्याचं एक आणि न विचारलेल्याचं एक. चालक परत येईपर्यंत आम्ही तिथं बसून राहिलो. सहकारीनं फोनवर काहीतरी बघितलं. मी तपासणीच्या कागदांवर शेरे लिहिले, सगळे चांगले, आणि प्रत्येक शेरा लिहिताना वाटत होतं की हे कुणी वाचलं तर काय म्हणेल.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आष्ट्याला एक काम होतं. सकाळी गाडीत चालक गप्प होते, आणि ते गप्प राहणारे नाहीत. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या होत्या, एकेक करून मागे टाकत चाललो होतो. शेवटी मीच विचारलं, "जेवण कसं होतं, दादा?"

"लय भारी. मी खोटं न्हाई बोलत. अडीच भाकरी खाल्ल्या. चार वर्षांत असा रस्सा खाल्ला न्हाई."

"वहिनी काही म्हणाल्या?"

"सांगू का नको ते ठरवतोय मी रात्रीपास्नं."

"सांगा."

"पयलं तर लय खूश झाल्या. वाढत हुत्या, बस म्हणू देत न्हवत्या. मग मालकांनी सांगितलं, मॅडम आपल्यातल्याच हायत, नियमामुळं जेवल्या न्हाईत. तर वाढायचं थांबल्या." त्यांनी एक ट्रॉली मागे टाकली. "म्हणाल्या, आपल्यातली असून न जेवता गेली? मग ती साहेब झाली म्हणायची. त्यापरीस परकीच असती तर बरं झालं असतं."

मागच्या सीटवरून सहकारीनं विचारलं, "आपल्यातल्या म्हणजे?"

चालकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग उगाचच कमी केला.

"म्हणजे आमच्या समाजातल्या," मी म्हटलं. "आम्ही बौद्ध आहोत. तेही."

"अच्छा. मला माहीतच नव्हतं, मॅडम." मग तिच्या आवाजातला नेहमीचा वेग गेला. "म्हणजे काल मी ते पाणी घेतलं नाही, आणि जेवणाचं पण मीच... त्यांना असं वाटलं असेल का, की आपण..."

"वाटलं."

"पण मी तर नुसतं पॉलिसी म्हटलं."

"हो. तू बरोबर म्हणालीस."

"मग मी फोन करू का त्यांना? सॉरी म्हणू?"

"सॉरी म्हटलंस तर त्यांना सांगावं लागेल की कशाबद्दल," मी म्हटलं. "आणि तेच तर कुणी मोठ्यानं बोललेलं नाही." ती मागे टेकून बसली. पायाशी ठेवलेली स्टीलची बाटली तिनं उचलली, आणि न पिता पिशवीत ठेवून दिली. कालचा पिझ्झा डिकीत होता. तो दुपारी चालकांनी एका कुत्र्याला घातला आणि कुत्र्यानं फक्त चीज खाल्लं.

माधवनगरचा कारखाना पास झाला. पत्र गेलं, माल सुरू झाला. तागे वेळेवर येतात, घड्या सरळ असतात, कडेला सुटा धागा नसतो. घड्यांवर वहिनींचा हात असणार हे मला ठाऊक आहे. तक्रारीला जागा नाही, आणि म्हणून बोलायलाही निमित्त नाही.

मार्ग एकच आहे, आणि तो साधा आहे. तो कारखाना माझ्याकडून काढून दुसऱ्या तपासनीसाकडे द्यायचा. माझं आणि त्यांचं कामाचं काही उरलं नाही की नियमही उरत नाही. मग मी एखाद्या रविवारी एसटीनं सांगलीला जाऊ शकते, माधवनगरात उतरू शकते, जिना चढू शकते. फोन करून येते म्हणायचं, आणि त्यांनी काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. कदाचित त्या जेवायला विचारणारच नाहीत. कदाचित बिस्किटाचा पुडा फोडतील. तेही चालेल, मी खाईन.

मी आमच्या साहेबांना जाऊन सांगितलं, माधवनगरचा पुरवठादार दुसऱ्या कुणाकडे द्या. ते फाइलमधून वर न बघता म्हणाले, "देऊ की. कारण काय?" मी म्हटलं, वैयक्तिक आहे. आता त्यांनी वर बघितलं. "तिथं कुणी नातेवाईक निघाले का तुमचे? तसं असेल तर सोपं आहे, आजच बदलून टाकतो." मी म्हटलं, नातेवाईक नाहीत. "मग?" मी समोरची खुर्ची ओढून बसले. ते चांगले गृहस्थ आहेत, घाई करत नाहीत. म्हणाले, "असं करा, दोन ओळी लिहून द्या. मी सही करतो."

नातेवाईक लिहिलं तर खोटं. वैयक्तिक लिहिलं तर ते पुन्हा विचारतील. आणि खरं लिहायचं तर माझ्या आडनावानं इतकी वर्षं जे सांगितलं नाही ते आधी सांगावं लागेल, मग नियम, मग तो कुकर, आणि मग एवढंच, की मला त्या घरी जेवायला जायचं आहे. दोन ओळींत हे बसत नाही. कागद घेऊन मी तीनदा बसले आहे. साहेबांनी परवा जिन्यात आठवण केली. एप्रिल संपत आला. दोन ओळी लिहायच्या राहिल्या आहेत.